परदेशी जाऊन आलेली मच्छरदाणी

“घरी पोचलात म्हणजे प्रवास संपला, असं समजू नका बरं,” नागपूरच्या डॉक्टरबाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या होत्या. प्रेरणानं मान हलवली. पण तिचं अर्धं लक्ष कडेवर रडणाऱ्या गुड्डूकडे होतं आणि अर्धं गोंदियाच्या गाडीकडे. गाडी चुकली तर लेकराला घेऊन फलाटावर बसावं लागलं असतं. ती भराभर पायऱ्या उतरली आणि डॉक्टरबाईंचं वाक्य तिथंच पायरीवर राहून गेलं.

मित्रांनो, पायरीवर राहिलेलं ते वाक्य आमच्या घरी कसं आणि केव्हा पोचलं, त्याचीच ही हकिकत. आणि ती सांगणारी मी? मी एक मच्छरदाणी. जुनी. एके काळी निळीशार होते, आता धुऊन धुऊन माझा रंग ढगाळ आभाळासारखा झाला आहे. अंगावर लाल धाग्यानं रफू केलेल्या जागा आहेत. आमच्या गावात माझ्यासारख्या घरोघरी आहेत. फरक एवढाच, की त्यांनी फार तर तिरोड्याचा बाजार पाहिला असेल, आणि मी समुद्र ओलांडून आले आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. शेकडो सुया एकदम खालीवर होत होत्या आणि मी त्यांच्यातून थोडी थोडी बाहेर येत होते. माझं अंग म्हणजे थोडा दोरा आणि पुष्कळशी भोकं. पण भोक केवढं असावं याचंही शास्त्र असतं हो! वारा आत यावा, डास मात्र येऊ नये. वर दोऱ्याला औषध लावलेलं. डास बसला रे बसला की त्याचे पाय लटपटलेच पाहिजेत.

तिथून ट्रकमध्ये बसून मी तिरोडा तालुक्यातल्या एका गावात आले. शाळेच्या ओसरीवर सरकारी वाटप होतं. वीजकेंद्राच्या चिमण्या लांबून दिसत होत्या आणि मला भारी उत्सुकता लागली होती, की आपण कुणाच्या डोक्यावर टांगलं जाणार?

मी निर्मलाबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी मला घरी नेलं, उलगडलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “एवढी चांगली जाळी कोणी डोक्यावर टांगते काय व?”

झालं. पहिला उन्हाळा मी वड्यांवर पसरून काढला. कावळे चोची मारत आणि मी त्या सोसत असे. पावसाळ्यात मला बोडीत उतरवलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताकाठचं छोटं तळं. त्यात झिंगे पकडायला मला दोन्हीकडून ताणून धरायचे. झिंगे मिळायचे, पण काट्याकुट्यांनी मी फाटायची. पुढे कोठ्यात, म्हणजे जनावरं बांधतात तिथं, मला एका खुंटीला अडकवून सगळे विसरून गेले. मला राग आला नाही. फक्त वाटे, माझ्या आत बसून जग कसं दिसतं, ते एकदा तरी कुणी पाहावं.

मग निर्मलाबाईंचा मुलगा ओमेश याचं लग्न झालं आणि प्रेरणा घरात आली. गोंदियाच्या कॉलेजात शिकलेली. डोळे सदा चहूकडे. पुढे गुड्डू झाला आणि त्या डोळ्यांना आणखीच काम लागलं. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. बाळ जागं असलं की त्याच्या मुठीत काय आहे ते बघायची. एक दिवस तिच्या नजरेला कोठ्यातली मी पडले.

तिनं मला हलक्या हातानं धुतलं आणि सावलीत वाळवलं, कारण उन्हानं माझं औषध उडतं. मग रफू करायला बसली. घरात निळा धागा नव्हता, म्हणून लाल.

निर्मलाबाई म्हणाल्या, “झिंग्याच्या जाळीले कायले एवढं शिवतं?”

“आई, ही झिंग्याची जाळी नाही.”

“मंग कोणाची व?”

“गुड्डूची.”

निर्मलाबाई चुलीकडे वळल्या. पण संध्याकाळी स्वतः दोऱ्या आणून दिल्या.

ते माझे सोन्याचे दिवस, मित्रांनो. माझ्या चारी कडा गादीखाली दाबल्या की मी खोली होत असे. नाही दाबल्या तर मी नुसता शोभेचा कपडा. प्रेरणा न चुकता दाबायची. आत गुड्डू पाठीवर पडून माझ्या भोकांकडे टकामका पाहायचा. शेवटी कुणीतरी आतून जग पाहत होतं!

ओमेश गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. रोज तिरोड्याहून गाडीनं ये-जा. ती मिल उसना तांदूळ काढते. उसना म्हणजे धान आधी वाफवून मग कांडलेला. तो तांदूळ जहाजात बसून आफ्रिकेला जातो, हे मी ओमेशच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं होतं. त्या वर्षी बेनिन नावाच्या देशातल्या एका व्यापाऱ्यानं तिथं मिल टाकायचं ठरवलं आणि गोंदियाच्या मिलकडे मदत मागितली. मिलचे शेठ चंद्रकुमार ओमेशला म्हणाले, “तू जा, बोलणी तू कर. मशीन दाखवायला चैतरामला घेऊन जा.” चैतराम हा मिलचा फिटर, दरेकश्याकडचा. जंगलाच्या कुशीतलं त्याचं गाव. हाताला ग्रीस आणि तोंडात गंमत, असा माणूस.

दोघांना नागपूरला जाऊन पिवळ्या तापाची लस घ्यावी लागली. प्रेरणाही गुड्डूला घेऊन सोबत गेली होती. तिथंच त्या डॉक्टरबाईंनी हिवतापापासून बचावाच्या गोळ्याही लिहून दिल्या. ते वाक्यही तिथलंच.

जायच्या आदल्या दिवशी बॅग भरायला सगळे जमले. प्रेरणानं ओआरएसच्या पुड्या ठेवल्या. थर्मामीटर ठेवलं. डासांचं मलम ठेवलं. पासपोर्टच्या झेरॉक्स काढून एक बॅगेत, एक ओमेशच्या खिशात आणि एक घरी ठेवली. भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून दिला.

“फोनमध्ये आहे न तो नंबर,” ओमेश म्हणाला.

“आणि फोनच चोरीला गेला तर?”

चैतराम म्हणाला, “वहिनी, तुम्हीच चाला. आमी दोघं घरी गुड्डूले सांभाळतो.”

मग तिनं माझी घडी घालून मला बॅगेत ठेवलं. ओमेश उडालाच.

“मच्छरदाणी? अगं, मी धंद्याच्या कामानं जाऊन राहिलो. तिथं हॉटेल आहे, एसी आहे. हिले टांगायले खिळा काय एअरपोर्टवर मागू?”

“दोरी टाकली आहे. खिडकीच्या गजाला बांधा.”

“आपण झाडीपट्टीचे माणसं. मच्छरांच्या अंगणातच खेळलो. गोंदियाच्या माणसाले आफ्रिकेचा मच्छर चावला, त तोच बिचारा तापानं फणफणन!”

सगळे हसले. निर्मलाबाईंनी जवसाच्या चटणीची पुडी माझ्या घडीत सरकवली. “जाळी राहो का जावो, चटणी पायजे.”

प्रेरणा तेवढी हसली नाही. तिनं मला खालपर्यंत नीट दाबून चेन ओढली.

विमानाच्या पोटात फार थंडी असते, मित्रांनो. बाहेर काय आहे, आपण कुठवर आलो, काही कळत नाही. मला एकच कुतूहल होतं. तिकडचा डास कसा असेल? चिमणीएवढा? रंगीत? त्याला माझ्या भोकांतून येता येईल का?

बेनिनमधलं पहिलं गाव समुद्राकाठचं होतं. हॉटेलात खरोखरच एसी होता आणि खिडक्या बंद. ओमेशनं मला कपाटावर टाकलं. तिथून मी सगळं पाहत असे. दात घासायलासुद्धा तो सीलबंद बाटलीचं पाणी घ्यायचा. कुणी थंड सरबत पुढे केलं तर म्हणायचा, “बर्फ नको.” बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कोण सांगणार? रस्त्यावर भाड्याच्या मोटारसायकली धावत. ओमेश हेल्मेटशिवाय त्यांच्यावर बसायचा नाही. “प्रेरणाले कळलं त घरात घेणार नाही,” म्हणायचा. चैतराम मात्र हौसेनं बसून आला आणि सायलेन्सरला पोटरी भाजून घेतली. मग प्रेरणानं दिलेल्या मलमांमधलं कोणतं भाजल्यावर लावायचं, याची दोघांची शोधाशोध! त्या दिवसापासून चैतराम तिच्या बॅगेला ‘वहिनीचा दवाखाना’ म्हणू लागला.

मग ते उत्तरेकडच्या एका गावाला गेले. मिल तिथं उभी राहणार होती. उतरायला एक साधं विश्रामगृह. वीज येऊन-जाऊन. खिडकीला जाळी नाही. भोवती भाताची शेतं, पाणी साचलेलं, अगदी आमच्या बांधासारखंच. तिथं ओमेशला माझी आठवण झाली. त्यानं एक दोरी गजाला, एक कपाटाच्या कडीला बांधली आणि मी समुद्रापलीकडे पहिल्यांदा खोली झाले.

चैतरामनं दारातून वाकून पाहिलं. “ओमेशभाऊ, तुमच्या जाळीत मले जागा असन काय?”

“ये न. नवरानवरीसारखे दिसू.”

“नको बापा!” म्हणत तो हसत ओसरीवर सतरंजी टाकून झोपायला गेला. “जंगलात वाढलो जी मी. माह्यं रक्त पिऊन इथचे मच्छर दरेकश्याचा पत्ता विचारतीन.”

आणि मग मी त्याला पाहिलं. तिकडच्या डासाला. भिंतीवर बसला होता. डोकं खाली, पाठ वर, तिरका. आमच्याकडे हिवताप आणतो, तो अस्साच बसतो! मी निरखून निरखून पाहिलं. ना मोठा, ना रंगीत. मला जरा वाईटच वाटलं. एवढ्या दूर येऊन पाहिलं काय, तर घरचाच पाहुणा! पण त्याच्या पोटात काय होतं ते मला बाहेरून कसं दिसणार? नंतर गोंदियाच्या डॉक्टरांच्या तोंडून कळलं, की दिसायला सारख्या डासांच्या पोटातला ताप सारखा नसतो.

माझं राज्य गादीपुरतं. संध्याकाळी ओमेश अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून व्यापाऱ्यांबरोबर अंगणात बसायचा. बोलणी रंगायची. डासांचं मलम बॅगेत आणि डास अंगणात. मी आत टांगलेली. हाक मारून बोलावता आलं असतं तर बोलावलं असतं.

गोळी मात्र ओमेश रोज जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायचा आणि पाकीट उशीखाली ठेवायचा. चैतरामनं गोळी उपाशीपोटी घेतली, घेतल्या घेतल्या आडवा झाला आणि छातीत जळजळायला लागलं. “बंद केल्या जी मी,” तो म्हणाला. “मच्छरापेक्षा गोळीच जास्त चावते.” ओमेशनं एकदोनदा टोकलं, मग कामाच्या घाईत तेही राहिलं.

काम फत्ते झालं. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. ओमेशनं घाईनं माझ्या दोऱ्या सोडल्या, उशीखालच्या पाकिटासकट मला गुंडाळलं आणि बॅगेत कोंबलं. ते पाकीट माझ्या पोटात बसून घरी आलं, आणि ते कुणाला कळलं नाही.

ओमेश परतला तो दिवाळीच्या तोंडावर. गुड्डूनं आधी त्याला ओळखलंच नाही, मग सोडेचना. प्रेरणानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगावर जखम नाही, पासपोर्ट जागच्या जागी, पोट ठीक.

“गोळ्या चालू आहेत ना अजून?” तिनं विचारलं.

“घरी आलो न आता! इथं गोंदियात बसून आफ्रिकेची गोळी कोण खाते?”

यावर ती हसली. सगळ्या काळजीनंतरचं सुटल्यासारखं हसू होतं ते. काळजी करणाऱ्या माणसालाही कधी सुटी हवीच असते, मित्रांनो. तिनं ती त्या दिवशी घेतली. मला धुवायचं म्हणून आलमारीवर टाकलं. दिवाळीच्या कामात ते राहूनच गेलं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलेबी, बांगड्यांची दुकानं आणि रात्रभर चालणारं नाटक. लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे येतात. सोयरिकीसुद्धा मंडईतच जमतात. आमचं घर पाहुण्यांनी भरून गेलं. माणूस माणसाला लागून झोपू लागला. मला टांगायला जागा कुठून असणार? आणि मंडईत जागरण न झालेला माणूस आमच्या गावात सापडायचा नाही.

मंडई उठली आणि ओमेशला ताप आला.

“मंडईचा ताप आहे,” निर्मलाबाई म्हणाल्या. “दरसाल कोणाले न कोणाले येते. काढा देजो, उतरन.”

खरोखर उतरला. पुन्हा चढला. मेडिकलवरून गोळी आणली, पुन्हा उतरला. सकाळी ओमेश उठून बसायचा आणि म्हणायचा, “आता बरं वाटते न. मंग कायले दवाखाना? धान कापणीले आलं आहे.” ताप लपाछपी खेळत होता आणि सगळे त्याला मंडईच्या नावानं ओळखत होते. चुकीच्या नावानं ओळखलेला पाहुणा घरात निर्धास्त राहतो. मी आलमारीवरून पाहत होते. माझ्या पोटात पाकीट टोचत होतं.

पाहुणे गेले. एका दुपारी गुड्डूच्या गालावर डास चावल्याच्या दोन गांधी प्रेरणाला दिसल्या. तिनं लगेच स्टूल घेतलं, मला खाली ओढलं आणि अंगणाकडे तोंड करून झटकलं.

पाकीट फरशीवर पडलं. चंदेरी, चकचकीत. गुड्डू रांगत त्याच्याकडे निघाला. त्याचा हात पोचायच्या आत प्रेरणानं ते उचललं, आणि उचलता उचलता तशीच थांबली. पाकिटाच्या एका बाजूच्या गोळ्या संपलेल्या, दुसरी बाजू फुगीर, न फोडलेली. ती त्याकडे पाहत राहिली. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, “घरी पोचलात म्हणजे प्रवास संपला, असं समजू नका.”

नागपूरच्या पायरीवर राहिलेलं वाक्य त्या दुपारी आमच्या घरात पाय ठेवून उभं राहिलं.

मला खांद्यावर तसंच टाकून ती अंगणात धावली. ओमेश खाटेवर होता. भर उन्हात, ब्लँकेट पांघरून, आणि दात वाजत होते.

“अहो, ऐका. अहो!”

त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चैतराम, पट्टा घसरून राहिला. मशीन बंद कर न बे.”

निर्मलाबाईंच्या हातातली काढ्याची वाटी कलंडली.

“आई, गाडी सांगा,” प्रेरणा म्हणाली. “हा मंडईचा ताप नाही.”

निर्मलाबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं. मग अनवाणीच शेजारच्या ईश्वरदासांच्या घराकडे पळत सुटल्या. त्यांच्याकडे गाडी होती. गुड्डू निर्मलाबाईंजवळ राहिला. मी प्रेरणाच्या खांद्यावरच राहिले. मला काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात खिडकीमागच्या सिस्टरनं विचारलं, “पेशंटचं नाव?”

“नाव नंतर,” प्रेरणा म्हणाली. “आधी हे लिहा. आफ्रिकेतून आले आहेत. दिवाळीच्या आधी. गोळ्या मध्येच बंद केल्या.” आणि पाकीट पुढे केलं.

सिस्टरनं मान वर केली आणि पेन ठेवून ती आतच गेली. पाहता पाहता डॉक्टर आले. बोटातून थेंबभर रक्त एका छोट्या पट्टीवर घेतलं. पट्टीवर रेघा उमटल्या.

“मलेरिया है, और वो वाला है जो दिमाग पे चढता है,” डॉक्टर म्हणाले. “अच्छा किया, आते ही बोल दिया.” लगेच इंजेक्शनची तयारी सुरू झाली.

“उद्या आणलं असतं तर?” प्रेरणानं विचारलं.

डॉक्टर खाटेजवळ गेले. सलाइनचा थेंब नीट पडतोय का, ते पाहत राहिले.

तिला राहवलं नाही. “पण घरी येऊन पंधरवडा होऊन गेला. तिथं तर गोळ्या घेतच होते. मग आता कसा?”

तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, आणि मीही कान देऊन ऐकलं. डास चावला की तापाचे जंतू आधी लिव्हरमध्ये जाऊन लपतात. तिथं ही गोळी त्यांना काही करत नाही. ते सावकाश रक्तात उतरतात, आणि उतरले की गोळी त्यांना गाठते. म्हणून घरी आल्यावरही ती काही आठवडे घ्यायची असते. गोळी थांबली की उतरणाऱ्यांना रान मोकळं. आणि झाडीपट्टीत लहानपणी आलेला हिवताप पुढच्या तापाला अडवेल, असंही काही नसतं.

मग डॉक्टरांची नजर माझ्यावर गेली. “ये मच्छरदानी साथ लाई हो? बहुत बढिया. मरीज के ऊपर लगाओ.”

“आता? आता तर डास चावून गेला.”

“उसके लिए नहीं. बाकी लोगों के लिए. इसको जो मच्छर काटेगा, वो आगे किसको काटेगा?”

मित्रांनो, टांगलं गेल्यापासून मी बाहेरच्यापासून आतल्याला राखत आले. त्या दिवशी पहिल्यांदा आतल्यापासून बाहेरच्यांना राखायला मला टांगलं. माझ्या कामाला दोन बाजू आहेत, हे मलाच ठाऊक नव्हतं! प्रेरणानं माझ्या कडा गादीखाली दाबल्या आणि दाबता दाबता तिचे हात थांबले. गुड्डूच्या गालावरच्या त्या दोन गांधी तिला आठवल्या. तिनं घरी फोन करून गुड्डूचंही रक्त तपासायला सांगितलं. निरोप येईपर्यंत ती बाकावर टेकली नाही. गुड्डूच्या रक्तात काही निघालं नाही, तेव्हा कुठं ती माझ्या कडेला कपाळ टेकून रडली.

ओमेशचं बोलणं ताळ्यावर यायला वेळ लागला. प्रेरणा सारखी त्याला नाव विचारी, गाव विचारी. एका सकाळी तो म्हणाला, “कितींदा विचारतेस? ओमेश आहो मी. भूक लागली. घरची चटणी आहे काय?”

ती हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “अहो, चैतराम कुठं आहे?”

“त्याच्या गावी. धान कापणीसाठी सुटी घेतली त्यानं.”

“त्यानं गोळ्या घेतल्या ना?”

ओमेश कोपरावर टेकून उठला. मग म्हणाला, “तिथंच सोडल्या होत्या. छाती जळते म्हणे.”

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चैतरामच्या घरी रेंज नसते. तो बोलायला दरेकश्याच्या स्टेशनकडे यायचा. स्टेशनाजवळ भागीरथाबाईंचं किराणा दुकान आहे. तिथला नंबर ओमेशजवळ होता. प्रेरणानं फोन माझ्याजवळ, उशाशी ठेवून स्पीकर लावला.

“हालो, भागीरथाबाई? मी गोंदियाहून बोलते, ओमेशभाऊंची बायको. तुमच्याकडे चैतराम दिसला काय?”

“फिटर चैतराम? नाही बाई, दिसला नाही इतक्यात. धान कापून राहिला असन.”

“त्याच्या घरी कुणाला पाठवता?”

“कोणाले पाठवू? दुकानावर मी एकटी. संध्याकाळी कोणी आलं त सांगतो.”

“संध्याकाळी नको, बाई. शटर ओढा आणि तुम्हीच जा.”

“काऊन व? काय झालं?”

“माझा नवरा त्याच्यासोबत होता. इथं खाटेवर पडला आहे. वाचला. चैतरामला असेल तर तोच ताप असेल.”

पलीकडून शटर खाली आल्याचा खडखडाट ऐकू आला.

मग वाट पाहणं. मी छतावरच्या पंख्यासोबत हलत होते. प्रेरणा फोनकडे पाहत होती, ओमेश तिच्याकडे. फोन वाजला तेव्हा भागीरथाबाईंना धाप लागली होती.

“पडला आहे व पोरगा! गोधडीवर गोधडी घेऊन कापून राहिला. तोंडाले पाणी नाही. त्याच्या मायनं पुजारीबाबाले बोलावलं होतं. तोही म्हणून राहिला, हा आपल्या जंगलाचा ताप नाही, याले दवाखान्यात न्या. दवाखान्यात काय सांगू, ते सांग मले.”

“नाव नंतर सांगा,” प्रेरणा म्हणाली. “आधी सांगा, आफ्रिकेतून आला आहे.”

चैतरामला आधी जवळच्या सालेकश्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून गोंदियाला पाठवलं. तो ओमेशच्या शेजारच्या खाटेवर आला, तेव्हा त्याचे ओठ फुटले होते आणि डोळे पिवळे पडले होते. दोन-तीन दिवस तो कुणाशी बोलला नाही. त्याची माय खाटेच्या पायाला धरून बसे. भागीरथाबाई दुकान बंद ठेवून डबा घेऊन येत. मग एक दिवस चैतरामनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, “वहिनी, आता तरी तुमच्या जाळीत मले जागा असन काय?”

त्याच्या मायनं त्याला हलकी चापट मारली, आणि मग दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून ठेवलं.

हे सगळं होऊन आता बरेच दिवस झाले. माझं औषध धुऊन गेलं आहे. गुड्डूच्या गादीवर नवी मच्छरदाणी आली आहे. ती निळीशार आहे, आणि निर्मलाबाई तिला वड्यांजवळ फिरकूसुद्धा देत नाहीत. मला कधी कधी जुने दिवस आठवून गलबलतं. पण मी कोठ्यात गेले नाही. मी आलमारीत, प्रवासाच्या बॅगेवर असते. मिलमधलं कुणी बाहेरदेशी निघालं की प्रेरणा त्याच्या घरच्यांना बोलावते, मला उलगडून लाल धागे दाखवते आणि सगळी हकिकत सांगते. गोळ्या घरी आल्यावरही पूर्ण करा, म्हणते. ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते पाठ करून घेते.

आणि निघताना दारापर्यंत येऊन ती एक गोष्ट आणखी सांगते. तीच मी तुम्हालाही सांगते, मित्रांनो. तुम्ही ती पायरीवर ठेवून जाऊ नका.

“तुमच्या ओळखीचं कुणी दूरदेशाहून आलं असेल आणि दोन-चार रोज दिसलं नसेल,” ती म्हणते, “तर कामात असेल, असं म्हणू नका. फोन लावा. लागला नाही, तर शटर ओढा आणि जाऊन बघा.”